नव्या गुरुजींसाठी, नव्या बाईंसाठी: लेकरांचं मन आणि आपला राग सांभाळून शिकवायचं कसं

नेमणुकीचा आदेश हातात पडला की पहिला फोन घरी जातो आणि दुसरा त्या गावाकडच्या कुणा ओळखीच्या माणसाला. रस्ता आहे का, एसटी किती वाजता येते, खोली मिळेल का? हे विचारायलाच हवं. पण एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच विचारली नाही, आणि विचारली असती तर माझ्या वर्गातल्या लेकरांचं ते पहिलं वर्ष बरं गेलं असतं. ती म्हणजे, ही लेकरं घरून काय घेऊन शाळेत येतात?

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत लागले, त्याला आता सतरा वर्षं झाली. डी.एड.ला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या विषयावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली, पुढे त्यांनी तिच्या चार क्षमता सांगितल्या: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून येतात हे समजणं आणि त्या सांभाळणं. गुण चांगले पडले. वर्गात मात्र त्यातलं काहीच माझ्या हाताशी नव्हतं. तुम्हीही टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्राचे ३० प्रश्न सोडवून आला असाल. ते ज्ञान वर्गात कसं उतरवायचं, ते मी चुका करत शिकले. तुमच्या त्या चुका वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुरुवात लेकरापासून करू नका, स्वतःपासून करा. आपल्याला राग कधी आणि कशाचा येतो हे ज्याला माहीत नाही, त्याला लेकराचं रडणंही उद्धटपणा वाटतं. माझं तसंच झालं होतं.

जवळ काय ठेवायचं

- एक दोनशे पानी वही, फक्त स्वतःसाठी. ती शाळेच्या दप्तरात ठेवायची नाही, घरी न्यायची.
- हजेरीपटाच्या यादीची झेरॉक्स. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: घरी कोण आहे, घरात कोणती बोली बोलतात, आई-बाप हंगामात कुठं जातात.
- जे पालक ऊसतोडीला जातात त्यांचा आणि त्यांच्या मुकादमाचा, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या माणसाचा, फोन नंबर. पालकांचा फोन बंद लागतो, मुकादमाचा सहसा लागतो.
- स्थलांतर करणाऱ्या लेकरांसाठीचं शिक्षण हमी कार्ड. लेकरू आई-बापाबरोबर गेलंच तर तिकडच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. ते गाव सोडण्याच्या आधी हातात द्या.
- वर्णनात्मक नोंदींची वही, म्हणजे प्रत्येक लेकरू कसं शिकतं-वागतं ते लिहायची. ती तर ठेवावीच लागते, पण तिचा खरा उपयोग पुढे सांगते.
- १०९८ आणि १४४१६ हे दोन नंबर फोनमध्ये. पहिला बालकांच्या मदतीसाठी, दुसरा टेलिमानसचा, मनाच्या आजारपणासाठी. दोन्ही मोफत आहेत.
- पिण्याच्या पाण्याची बाटली, टेबलावर. हसू नका, तिचं काम तिसऱ्या पायरीत आहे.

१. आधी गावाचं वर्ष समजून घ्या

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पण गावाचं वर्ष वेगळं चालतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ते सारखं नाही. आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की गावात हालचाल सुरू होते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, दिवाळीच्या मागंपुढं ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं कारखान्यांवर निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुढे कर्नाटक. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आसपास. त्या पाच-सहा महिन्यांत तुमच्या वर्गातली काही लेकरं आई-बापाबरोबर उसाच्या फडात, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत असतात आणि काही आजी-आजोबांजवळ गावात. हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर तिथं जेवणाची सोय होते. आईची सोय कुठलंच वसतिगृह करू शकत नाही, हे लक्षात असू द्या.

सोयाबीनच्या भागात ऑक्टोबरात काढणीला सगळं घर रानात असतं. कापसाच्या भागात वेचणीला मोठ्या मुली जातात, किंवा आई वेचणीला गेली म्हणून धाकट्या भावाला सांभाळत घरी थांबतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं हेही लेकराचंच काम. रात्री टँकर आला असेल तर सकाळी वर्गात पेंगणारी चार डोकी दिसतील. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. वाड्यावस्त्यांवरची लेकरं तसा उन्हाळा कमी-जास्त प्रमाणात वारंवार काढतात.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांशी बोला. अंगणवाडीच्या ताई आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच रजिस्टरला माहीत नसतं.

सापळा: सगळ्या लेकरांकडे ‘बिचारी’ म्हणून बघायला लागणं. दया करणाऱ्या शिक्षकाची अपेक्षा कमी होते आणि लेकराला ती लगेच कळते.

२. आपला राग आठवडाभर लिहा

स्वतःसाठीची वही इथं काढा. आठ दिवस, रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं. तीन रकाने करा: किती वाजता, काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा.

मी हे तिसऱ्या वर्षी केलं, एका ज्येष्ठ बाईंच्या सांगण्यावरून. आठ दिवसांत मी अकरा वेळा लेकरांवर ओरडले होते. वहीत बघते तर त्यातले सात प्रसंग ‘आजच्या आज माहिती द्या’ असा फोन येऊन गेल्यानंतरचे. दोन प्रसंग ज्या दिवशी सकाळी एसटी चुकली आणि मी चार किलोमीटर चालत आले त्या दिवसाचे. लेकरांनी केलेलं म्हणाल तर पेन्सिलवरून भांडण, पाढा विसरणं, मधेच पाणी प्यायला जाणं. हे तर ती रोजच करतात. ते पान वाचून मला रात्री झोप लागली नाही.

तुमच्याही वहीत असंच काहीतरी निघेल. शिक्षण सेवकाचं मानधन महिना १६,००० रुपये, तीन वर्षं. त्यातून खोलीभाडं, येणं-जाणं, घरी पाठवायचे पैसे. वयाच्या तिशीत, कधी कधी पस्तिशीत मिळालेली नोकरी, घरापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब. लग्न जमायचं असतं, आई आजारी असते. हे सगळं खरं आहे आणि त्याचा त्रास होणारच. फक्त तो त्रास पाढा चुकलेल्या लेकरावर निघू नये एवढंच आपण बघायचं. त्यासाठी तो कुठून येतो हे कागदावर दिसावं लागतं.

३. राग आणि हात यांच्यामध्ये काहीतरी ठेवा

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. हे तुम्हाला पाठ असेल. मानसिक छळात टोमणा मारणं येतं, सगळ्यांपुढं अपमान करणं येतं, हे मात्र आपण सोयीनं विसरतो.

गावात उलटाच दबाव येतो. बाप शाळेत येऊन सगळ्यांपुढं म्हणतो, “बाई, बिनधास्त हाणा त्याला, पण शिकवा.” त्या वेळी हसून सोडून देऊ नका. शांतपणे सांगा, “दादा, मी हाणणार नाही. पण तो शिकेल, माझ्यावर सोडा.” हे लेकरासमोर बोला. त्यानं ते ऐकलं की त्याचे खांदे कसे सैल पडतात ते बघा.

आता बाटली. राग चढतो तेव्हा अंगाला आधी कळतं: कानाच्या पाळ्या गरम होतात, आवाज चढतो, हातातला खडू घट्ट धरला जातो. माझी खूण खडूची. खडू तुटायला आला की मी तो टेबलावर ठेवते, बाटली उचलते, बसून पाणी पिते. सावकाश. तोंडात पाणी असताना ओरडता येत नाही. तेवढ्यात मनात एकच वाक्य म्हणते, “मला राग आलाय, तो याच्यामुळं आलाय का?” निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असतं.

आणि कधी हे जमलं नाही, तुम्ही ओरडलातच, तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, त्या लेकराची माफी मागा. “मघाशी मी जोरात बोलले, माझं चुकलं.” एवढंच. पुढे ‘पण तू पण...’ जोडू नका. माफी मागितल्यानं वर्ग डोक्यावर बसतो असं मला सांगितलं गेलं होतं. सतरा वर्षांत एकदाही तसं झालेलं नाही. उलट पहिल्याच वर्षी माझी माफी ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दोन पोरींनी आपापसातलं आठवड्याचं भांडण मिटवलं. माफी मागायची कशी हे त्यांना कुणी तरी करून दाखवावं लागतं.

४. लेकरू वाचायला शिका

इथं जरा थांबून सांगते, कारण माझी सगळ्यांत मोठी चूक इथली आहे.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा सारखा उठून बाहेर पळायला लागला. न विचारता. गणित चालू असो, कविता चालू असो, एकदम उठायचा, दारातून सुसाट रस्त्यापर्यंत जायचा, तिथं उभा राहायचा आणि परत येऊन बसायचा. पहिल्या दिवशी मी रागावले. दुसऱ्या दिवशी त्याला शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसवलं. तिसऱ्या दिवशी दार ओढून घेतलं, तर त्यानं दारावर दोन्ही हात आपटले आणि तिथंच त्याला लघवी झाली. सगळा वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं नाही. मला तेव्हा वाटलं, आता तरी सुधारेल. हे लिहिताना आजही हात जड होतो.

त्याच्या चड्डीचं काय करायचं म्हणून शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर घरी गेले. घरी आजी. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. आजी हात न थांबवता म्हणाली, “त्याचे माय-बाप गेले ना बाई कारखान्याला. सांगितलं असतं तर रडला असता, गाडीमागं पळाला असता. म्हून त्यो शाळंत असतानाच निघाले. घरी आला तर दाराला कुलूप. मला पलीकडल्या आळीतून यायला टाइम लागला, तवर त्यो उंबऱ्यावर बसून व्हता.”

तेव्हा मला तो रस्ता आठवला. दर वेळी तो पळाला तेव्हा रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला होता. मला आवाज ऐकू येत होता, पण मी तो ऐकतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याची जागा बदलली, दाराशेजारी. सांगितलं, “ट्रॅक्टर आला की जा, बघून ये. मला येऊन सांग, ट्रॉली एक होती का दोन.” पहिल्या दिवशी तो सहा वेळा गेला. मी फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहीत गेले. मग तोच लिहायला लागला. आठवड्याभरात त्याची बेरीज चालू झाली, ट्रॉल्यांची. आजीकडून मुकादमाचा नंबर घेतला आणि ठरवलं की रविवारी संध्याकाळी, फडावरून माणसं कोपीवर परतल्यावर, माझ्या फोनवरून आईशी बोलायचं. पहिल्या फोनवर तो काहीच बोलला नाही, नुसता ऐकत राहिला. पलीकडून आई विचारत होती, “जेवलास का? डोक्याला तेल लावती का आजी?” तो मान हलवत होता. आईला दिसत नाही हे त्याच्या लक्षात येत नव्हतं, आणि मीही त्याला सांगितलं नाही. जानेवारीत कधीतरी ट्रॅक्टर गेला आणि तो उठलाच नाही. खाली मान घालून लिहीत होता.

यातून मी जी पद्धत ठरवली ती अशी. लेकरू काही विचित्र वागलं की लगेच ‘असं का करतोस?’ विचारायचं नाही. सात वर्षांच्या लेकराला ‘का’चं उत्तर माहीत नसतं. त्याऐवजी तीन दिवस फक्त बघा आणि लिहा: कधी होतं, त्याच्या क्षणभर आधी काय झालं, आणि झाल्यावर लेकराला काय मिळतं. वर्णनात्मक नोंदींची वही यासाठीच खरी कामाची आहे. ‘वर्गात लक्ष नसते’ अशी नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. ‘ट्रॅक्टरचा आवाज आला की उठतो’ ही नोंद कामाची. मात्र वही साहेबांनाही दाखवायची असते, म्हणून घरातली खाजगी गोष्ट तिच्यात लिहू नका, दिसलं तेवढंच लिहा.

परिपाठात आपण पैठणच्या नाथांची गोष्ट सांगतो: गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लेकरू रडत होतं, नाथांनी त्याला कडेवर घेतलं. कुणाचं, कुठलं, इथं का आलं, हे त्यांनी आधी विचारलं नाही. मी ती गोष्ट लेकरांना कितीदा सांगितली होती. त्यातला क्रम मात्र त्या आजीच्या चुलीपुढं कळला. आधी लेकराला चटक्यातून बाहेर काढायचं, चौकशी नंतर.

५. लेकरांना मनासाठी शब्द द्या

लहान लेकरांजवळ मनाच्या अवस्थांसाठी दोनच वाक्यं असतात, “पोटात दुखायलंय” आणि “कसंतरी व्हायलंय”. भीती, मत्सर, आठवण, लाज, सगळं त्यात बसवलेलं असतं. शब्द मिळाला की लेकराला आपल्याला काय होतंय ते सांगता येतं आणि मग मारामारी कमी होते. हे मी दर वर्षी पाहते.

करायचं असं: परिपाठ संपला की पाच मिनिटं ‘आजचं आभाळ’. एका पुठ्ठ्यावर चार चित्रं काढा: लख्ख ऊन, आभाळ भरून आलेलं, पाऊस, विजा. प्रत्येक लेकरानं वर्गात येताना आपल्या नावाचा खडा त्यावर ठेवायचा. तुमचाही खडा ठेवा, आणि खरा ठेवा. मग ज्यांचा खडा विजेवर आहे त्यांच्याजवळून दिवसभरात एकदा जा, काही न विचारता पाठीवर हात ठेवा किंवा वही बघण्याच्या निमित्तानं शेजारी बसा. मोठ्या मुलींच्या बाबतीत गुरुजींनी हात ठेवू नये, शब्दच पुरे.

सापळा: सगळ्यांपुढं विचारणं, “काय रे, तुझा खडा विजेवर का?” एकदा विचारलंत की दुसऱ्या दिवसापासून सगळे खडे उन्हात.

तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या, शाळेत असाल तर हे आणखी अवघड. लेकरू घरी गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं, आणि रडूही त्याच भाषेत येतं. तिथल्या दहा-बारा शब्दांची यादी पहिल्या महिन्यात लेकरांकडूनच शिकून घ्या: दुखतंय, भूक, भीती, ये, बस, शाब्बास. नांदेडच्या सीमेवर तेलुगू, अनेक गावांत दखनी उर्दू. तुमचा उच्चार चुकेल, लेकरं हसतील. हसू द्या. त्या क्षणी ती शिक्षक असतात आणि तुम्ही विद्यार्थी, त्यांना ते फार आवडतं.

६. तोंडातली वाक्यं बदला

आपण जे ऐकत मोठे झालो तेच तोंडून निघतं. म्हणून नवी वाक्यं अक्षरशः पाठ करावी लागतात.

“एकदा सांगून कळत नाही का?” याऐवजी “मी परत सांगते, माझ्याबरोबर म्हण.”

“रडू नको, काही नाही झालं.” याऐवजी “लागलं ना? ये, इथं बस.”

“तुझा भाऊ किती हुशार होता!” याऐवजी काहीच नाही. हे वाक्य कायमचं सोडून द्या.

“हुशार आहेस” यापेक्षा “तू तीनदा खोडून परत लिहिलंस, मी बघितलं” हे लेकराला जास्त पुरतं, कारण ते त्यानं स्वतः केलेलं असतं आणि उद्या पुन्हा करता येतं.

आणि ‘ऊसतोड्याचं पोरगं’, ‘तांड्यावरची’, ‘वस्तीवरची’, आडनावावरून जात काढून मारलेली हाक, यातलं काहीही तुमच्या तोंडी येता कामा नये. स्टाफमध्ये चहा पिताना, लेकरं ऐकत नाहीत असं वाटत असतानाही नाही. बाहेर बोललेलं वर्गात उतरतं.

अपेक्षेचा परिणाम किती होतो यावर अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला होता, तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, यंदा ही मुलं चमकतील. वर्षाच्या शेवटी पहिली-दुसरीतली अशी मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, आकड्यांवर वाद झाले. तरी पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यानं तो मनात ठेवावा असं मला वाटतं, कारण त्या वयाचं लेकरू फळ्याआधी आपला चेहरा बघतं.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे की तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, आणि ते योग्यच आहे. पण त्या घाईत, तपासणीला कुणी आलं की अडखळणाऱ्या लेकराला उभं करून वाचायला लावलं जातं. तसं करू नका. साहेबांना नम्रपणे सांगा, “हा मुलगा अजून जोडाक्षरांवर आहे, माझ्याजवळ बसून वाचून दाखवेल.” बहुतेक साहेब ऐकतात.

७. घरी जा, पण आधी चांगली बातमी घेऊन

पहिली भेट तक्रारीची नको. शाळेतून माणूस आला म्हणजे लेकरानं काहीतरी केलं, असंच घराला वाटतं. मी पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक घरी एकदा जाते, सांगायला एक चांगली गोष्ट घेऊन. “आजी, तुमच्या नातीनं काल सगळ्यांना पाणी वाढलं.” बस्स.

आजी खाली बसली असेल तर आपण खुर्ची घेऊ नये. चहा दिला तर घ्यावा, नाही दिला तर वाट बघू नये. बाप प्यालेला असेल तर त्या दिवशी काहीच बोलू नका, नमस्कार करून परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. लेकराच्या चुकीबद्दल बोलायचंच असेल तर लेकरू आणि शेजारी दोघंही जवळ नसताना. तुम्ही निघून गेल्यावर त्याचा मार लेकरू खातं.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य असतात. त्यातली एखादी समजूतदार आई हेरून ठेवा. तुम्हाला जे दार उघडणार नाही ते तिला उघडतं.

८. लेकरानं जड गोष्ट सांगितली तर

लेकराचा विश्वास बसला की कधी तरी ते असं काही सांगेल की तुमच्या पायाखालची जमीन सरकेल. तयारी आधीच हवी.

लेकरू म्हणेल, “बाई, कुणाला सांगणार नाही ना?” वचन देऊ नका. म्हणा, “तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून.” खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. शांत ऐका आणि म्हणा, “सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही.” नंतर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. ‘गावात बोभाटा होईल, आपसात मिटवू’ असं सांगायला लोक येतील. मिटवू नका. मुख्याध्यापकांना सांगा, मुला-मुलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला सांगा, १०९८ ला फोन करा, पण पोलिसांना कळवणं त्यातल्या कशासाठीही लांबवू नका.

बालविवाह आपल्या भागात आजही होतात. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कुठं ठेवायची, ही आई-बापाची भीती त्यामागं असते. सातवी-आठवीतली मुलगी अचानक गप्प झाली, सुट्टीनंतर यायची बंद झाली, तर त्याच आठवड्यात घरी जा. मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ हे वय कायद्यानं ठरलेलं आहे. गावपातळीवर ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आई-बापाला गुन्हेगार ठरवून बोलायला सुरुवात केली तर दार बंद होतं. मुलीची राहायची सोय कुठं होईल, हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही मुलींची निवासी शाळा, एखादी आत्या, यावर आधी बोला. कायदा दुसऱ्या वाक्यात काढा, पण काढाच.

९. स्वतःचं दप्तरही रिकामं करा

दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्याला त्याचा भार होतो. केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातला, एक सहकारी ठरवून घ्या, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा बोलायचं. शिक्षण परिषदेला भेटलात की माहिती, अधिकारी आणि रजा यांच्याबरोबर एखाद्या लेकराबद्दलही बोला, नाव न घेता. झोप उडाली, जेवण जाईना, शाळेत जायचं म्हटलं की रडू येतं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर १४४१६ ला फोन करा किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. लाजू नका, पाय मोडला असता तर गेलाच असता.

१०. बदली झाली की एक पान मागे ठेवा

स्वतःची वही कुणालाही देऊ नका, ती तुमची आणि लेकरांची खाजगी गोष्ट आहे. पण पुढे येणाऱ्या शिक्षकासाठी एक पान जरूर लिहा. प्रत्येक लेकरापुढं एकच ओळ, पुढच्याला कामाला येईल अशी. कुणाला काय आवडतं, कशानं शांत होतं, कुणाचा फोन लावायचा. माझं पहिलं वर्ष जसं वाया गेलं तसं त्याचं जाणार नाही.

त्या पहिल्या शाळेतून माझी बदली झाली तेव्हा ट्रॅक्टरमागं पळणारा मुलगा चौथीत होता. त्याच्या नावापुढं मी लिहिलं: “बेरीज उत्तम. आता उठत नाही. तरी दिवाळीनंतरचे पहिले पंधरा दिवस दाराजवळची जागा त्याचीच ठेवा. रविवारी संध्याकाळी आईला फोन.”